राजवायूंमधला शेवटचा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



विज्ञानाचे सर समोर बसले आहेत, म्हणून त्यांच्याच तासापासून सुरुवात करते. हेलिअम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. सर म्हणायचे, "हे राजवायू. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत." सर, त्यातला शेवटचा माझ्या घरात सापडला!

आम्ही अमेरिकेत आयोवा राज्यात राहतो. गाव नऊशे वस्तीचे, चहूकडे मका आणि सोयाबीन. हिमयुगात हिमनद्यांनी उत्तरेकडून आणलेला खडकांचा चुरा तिथल्या मातीत आहे. त्यातल्या युरेनिअमपासून रेडिअम आणि रेडिअमपासून रेडॉन तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हिवाळ्यात घर बंद असते, आतली गरम हवा वर जाते आणि तळघराच्या भेगांतून जमिनीतली हवा आत ओढली जाते. रेडॉनपासून होणारे किरणोत्सारी कण फुफ्फुसात चिकटून बसतात. अमेरिकेत त्यामुळे वर्षाला सुमारे २१,००० माणसे फुफ्फुसाच्या कर्करोगाने दगावतात, असा तिथल्या पर्यावरण खात्याचा अंदाज आहे.

अकरा वर्षे मला यातले काही ठाऊक नव्हते. मग आमची शेजारीण गेली. जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता, तरी फुफ्फुसाचा कर्करोग. कशामुळे, ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिच्या मुलीने स्वतःचे घर तपासले आणि मलाही कोळशाची एक डबी आणून दिली. दारे-खिडक्या आदल्या दिवसापासून बंद ठेवायच्या, डबी तळघरात तीन दिवस उघडी ठेवायची आणि बंद करून लगेच प्रयोगशाळेला पाठवायची. रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो, म्हणून टपालात दिरंगाई चालत नाही.

आकडा आला ११. तिथे ४ पिकोक्युरी प्रति लिटरला दुरुस्ती करा म्हणतात. माझा मुलगा त्याच तळघरात झोपायचा, अभ्यास करायचा. त्या रात्री त्याची गादी आम्ही वर आणली.

दुसऱ्या चाचणीतही तेच निघाले. मग फरशीला भोक पाडून खालून छपरावर नळी काढली आणि तिला पंखा बसवला. एका दिवसाचे काम, खर्च दीड हजार डॉलर. नंतरचा आकडा १.३.

पुढे मी गावच्या ग्रंथालयात डब्या वाटायला बसले. काहींनी नेल्या. काही म्हणाले, "आमचे आजोबा याच घरात नव्वद वर्षे जगले." एकजण हळूच म्हणाला, "आकडा वाईट आला, तर घर विकले जाईल का?" मला त्याचा राग आला नाही. पण शेजारच्या घराचा आकडा आपल्या घराला लागू पडत नाही, एवढे मात्र प्रत्येकाला सांगितले.

आपल्या गावाखाली काळा पाषाण आहे. त्यात युरेनिअम फार थोडे, शिवाय आपली दारे दिवसभर उघडी. तेव्हा इथे कुणी धास्ती घेऊ नका. मात्र आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले-नातवंडे अमेरिकेत, कॅनडात आहेत. आज रात्री फोन कराल, तेव्हा "जेवलास का?" याच्या पाठोपाठ एवढे विचारा: "घरातला रेडॉन तपासलास का?"

सर, सहावे नाव पाठ करून घेतलेत, त्याबद्दल नमस्कार.