प्रतिपक्षाचे शब्द

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोल्हापूरच्या राजकारणात आव्हान देण्याची एक ठरीव भाषा आहे. वाद चिघळला की एक पुढारी दुसऱ्यास म्हणतो, हिंमत असेल तर बिंदू चौकात समोरासमोर या. या भाषेत पुष्कळदा नुसता आवेश असतो. तथापि तिच्या मुळाशी लोकशाहीची एक जाण आहे. जे बोलायचे ते चारचौघांत आणि प्रतिपक्षाच्या तोंडावर बोलावे, त्याला तेथेच उत्तर देता यावे, आणि ऐकणाऱ्यांनी दोन्ही बाजू तोलून आपला निर्णय करावा, अशी ती जाण. परंतु समोरासमोर येण्याचा योग क्वचितच जुळतो. वाद चालतो तो वृत्तपत्रांतून, पत्रकांतून आणि आता हातातल्या फोनवरून. तेथे प्रतिपक्षाचा माणूस हजर नसतो. त्याचे शब्द तेवढे हाती असतात. ते शब्द कसे घ्यावेत आणि त्यांना उत्तर कसे द्यावे, हा आजचा विषय. वरवर पाहता तो शिष्टाचाराचा वाटेल. वस्तुतः तो न्यायाचा आहे. गैरहजर माणसाचे म्हणणे त्याच्या वतीने मांडण्याची जबाबदारी अवतरण देणाराच्या शिरावर येते, आणि तेथे साक्षीदार व न्यायाधीश तो एकटाच असतो.

ही जबाबदारी या देशाला नवी नाही. शास्त्रार्थाच्या परंपरेत आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष आणि शेवटी सिद्धान्त असा क्रम होता. प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडल्यावाचून त्याचे खंडन करण्याचा अधिकारच येत नाही, असे मानले जाई. न्यायशास्त्राने वादाचेही प्रकार पाडले. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता दुसऱ्याची पाडण्यासाठी चालते ती वितंडा. बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवणे याला त्या शास्त्राने छल असे नाव दिले. त्याचे दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. कोणी म्हणाला, हा मनुष्य नव कंबलवाला आहे. त्याला म्हणायचे होते, नव्या कांबळ्याचा. समोरच्याने विचारले, नऊ कांबळी कोठे आहेत, एकच तर दिसते. शब्द तोच, अर्थ पळवलेला. आजच्या पुष्कळशा राजकीय वादाची जातकुळी हीच आहे.

ज्या परंपरेने हा नियम घातला, तिनेच ज्ञानाची दारे बहुजनांना आणि स्त्रियांना बंद ठेवली, हे विसरता येत नाही. ज्यांना सभेत प्रवेशच नव्हता त्यांचा पूर्वपक्ष कोण मांडणार? तरीही नियमाचे मोल कमी होत नाही. चार्वाकांचे उदाहरण घ्यावे. वेदप्रामाण्य नाकारणाऱ्या या विचाराचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे लुप्त झाले. आज लोकायताविषयी जे काही ठाऊक आहे, त्यातले बरेचसे चौदाव्या शतकातील 'सर्वदर्शनसंग्रहा'सारख्या, खंडनाच्या हेतूने लिहिलेल्या ग्रंथांतून हाती आले. विरोधकाने नोंद केली म्हणून तो विचार उरला. ती नोंद कोठे प्रामाणिक आहे आणि कोठे थट्टेखातर वाकवलेली आहे, हे ठरवताना अभ्यासकांची दमछाक होते, ती मात्र अवतरण देणारांच्या बेपर्वाईमुळे. एखादे अवतरण हेच पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीने एका माणसाचे सारे अस्तित्व ठरू शकते.

बेपर्वाईची किंमत काय असते, याचा धडा मराठी पत्रसृष्टीला फार लवकर मिळाला, आणि तो कोल्हापूरच्याच प्रकरणात मिळाला. 1881 साली 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. त्या सुमारास कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी महाराष्ट्र अस्वस्थ झाला होता. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावची म्हणून काही पत्रे पुढे आली आणि त्यांच्या भरवशावर या पत्रांनी कारभाऱ्यांवर लेख छापले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै 1882 मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले. या प्रकरणात त्यांच्या जामिनाची व्यवस्था जोतीराव फुले यांच्या खटपटीने झाली. फुल्यांचे आणि या तरुणांच्या वर्तुळाचे मतभेद किती खोल होते, हे सर्वांना ठाऊक आहे. मतभेद आणि माणुसकी एकाच वेळी सांभाळता येतात, याचे ते उदाहरण आहे.

पण त्या प्रकरणाचा कडू भाग पुढे आहे. महाराजांविषयीची लोकांची चिंता निराधार नव्हती. 25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगर येथे नजरकैदेत असताना, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. तक्रार खरी होती, कळवळा खरा होता. पुरावा तेवढा खोटा निघाला, आणि त्या खोट्या पुराव्याने खऱ्या तक्रारीचे बळ ऐन वेळी हिरावून घेतले. आपली बाजू न्यायाची आहे, म्हणून हाती आलेला कोणताही कागद चालेल, असे ज्याला वाटते त्याने हे प्रकरण पुन्हा पुन्हा आठवावे. अन्यायी पक्षाला खोट्या अवतरणाने फारसा तोटा होत नाही, कारण त्याची भिस्त सत्तेवर असते. पीडितांच्या पक्षाजवळ विश्वासार्हतेखेरीज दुसरे भांडवल नसते.

दुसरा धडा वेदोक्ताचा. 1899 साली पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले, आणि त्यातून वेदोक्ताचा संग्राम उभा राहिला. ऑक्टोबर 1901 मध्ये 'केसरी'ने त्यावर 'वेदोक्ताचे खूळ' या मथळ्याचे अग्रलेख लिहिले. त्या लेखांत युक्तिवाद नव्हता असे म्हणणे हाही एक छलच ठरेल, युक्तिवाद होता. परंतु मथळ्याने आधीच निकाल दिला होता. एका समाजाने मागितलेल्या समान प्रतिष्ठेला खूळ म्हटले की मागणारा वादातला पक्ष उरत नाही, तो रोगी ठरतो. आणि रोग्याला कोणी उत्तर देत नसतो, त्याच्यावर उपचार करतो. महाराजांनी शब्दाला शब्द वाढवत बसण्यापेक्षा वेगळी वाट धरली. 26 जुलै 1902 च्या आज्ञेने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. वाद मंत्रांचा दिसत होता. खरा प्रश्न अधिकाराचा होता, आणि उत्तर त्या प्रश्नाला मिळाले. प्रतिपक्षाच्या शब्दामागचा खरा मुद्दा ओळखून त्याला भिडणे हे उत्तम उत्तराचे लक्षण होय.

आता या शिष्टाचाराचा नमुना पाहू. 1920 च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्या तरुण बॅरिस्टर होऊ घातलेल्या विद्वानाला बहिष्कृतांचा पुढारी म्हणून गौरविले, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी हा नमुना घालून दिला. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षपद देऊ केले. भाषणाचा मसुदा पाहून त्यात फेरफार सुचवले. बाबासाहेबांनी ते नाकारले आणि परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून त्यावर टीका केली. 1937 मध्ये या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच ग्रंथात समाविष्ट केली आणि पाठोपाठ आपले उत्तर दिले. उत्तर सौम्य नव्हते, जहाल होते. पण वाचकाला टीका शोधण्यासाठी दुसरीकडे जावे लागत नाही. हाच ग्रंथ उघडून तो दोघांचे म्हणणे शेजारी शेजारी वाचू शकतो. ज्याचा आपल्या तर्कावर विश्वास असतो, तो प्रतिपक्षाला आपल्या घरात जागा देतो.

या उदाहरणांतून कार्यकर्त्याच्या रोजच्या वापरासाठी काही साधे दंडक निघतात. पहिला असा, की कोणाचेही वाक्य वापरण्यापूर्वी ते त्याचेच आहे याची खात्री करून घ्यावी. कोणी सांगितले, कोठे छापले होते, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर वाक्य कितीही सोयीचे असले तरी सोडून द्यावे. थोर पुरुषांच्या नावावर खपवली जाणारी सुभाषिते स्वपक्षाच्या उपयोगाची असतात तेव्हा तर दुप्पट सावध असावे.

दुसरा असा, की उतारा मुद्द्यापुरता घ्यावा, पण अर्थ पुरा घ्यावा. 'परंतु' या शब्दाच्या अलीकडे वाक्य तोडणे ही सर्वांत जुनी लबाडी आहे. मधला मजकूर गाळला असेल तर गाळल्याची खूण करावी. याच्या उलट, समोरच्याचे सारे लांबलचक पत्र जसेच्या तसे पुन्हा डकवून खाली 'सहमत आहे' एवढेच लिहिणे हा इतरांच्या वेळाचा अपव्यय होय. ज्या वाक्याला उत्तर द्यायचे ते वाक्य आधी ठेवावे, त्याच्या खाली आपले उत्तर लिहावे, आणि त्याचे शब्द कोठे संपतात व आपले कोठे सुरू होतात, हे शाळकरी मुलालाही कळेल असे करावे.

तिसरा दंडक उत्तराविषयी. प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा निवडावा. कोल्हापुरात कुस्तीचे मर्म सांगण्याची गरज नाही. खासबागेच्या मैदानात बुजगावणे चीतपट करणाऱ्याला कोणी फेटा बांधत नाही. प्रतिपक्षाचे दुबळे वाक्य शोधून त्याच्यावर टाळ्या घेणारा वक्ता बुजगावण्याशीच झुंजत असतो. त्याचे जे बरोबर आहे ते बरोबर म्हणावे. त्याने आपली बाजू लंगडी पडत नाही. त्याची जात, त्याचे घराणे, त्याची बोली, त्याचे शुद्धलेखन यांना हात घालू नये. व्यक्तिगत गैरसमज असेल तर तो सभेत न आणता त्या व्यक्तीला एकट्याने गाठून मिटवावा. आणि खासगी पत्र त्याच्या लेखकाला विचारल्याखेरीज चारचौघांत वाचू नये.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. प्रतिपक्ष असले कोणतेही पथ्य पाळत नाही. त्याच्याजवळ पैसा आहे, यंत्रणा आहे, खोट्याचा कारखाना आहे. मग एकट्या गरिबांच्या चळवळीने हात बांधून का लढावे? सभ्यतेच्या नावाखाली दुबळ्यांचा राग दाबण्याचेच काम आजवर झाले आहे, असेही म्हटले जाते. यातील दुसरा भाग पुष्कळ अंशी खरा आहे. म्हणूनच आवाज चढवणे आणि शब्द पळवणे यांत भेद केला पाहिजे. फुल्यांची भाषा जहाल होती, बाबासाहेबांचीही होती. संतापाला या शिष्टाचारात मज्जाव नाही. मज्जाव आहे तो फसवणुकीला. पहिल्या भागाचे उत्तर 1882 सालच्या प्रकरणात आहेच. खोट्याच्या स्पर्धेत ज्याच्याजवळ साधने अधिक तोच जिंकतो, आणि चळवळीजवळ ती कधीच अधिक नसतात.

हे सारे आज निकडीचे का, याचे उत्तर याच शहरात आहे. जून 2023 मध्ये काही तरुणांनी फोनवर ठेवलेल्या मजकुरावरून येथे बंद पुकारला गेला. 7 जून रोजी दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, इंटरनेट बंद ठेवावे लागले. मूठभरांच्या फोनवरच्या मजकुराचा जाब, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांकडून दगडांनी मागितला गेला. मजकूर कोणाचा, त्याचा अर्थ काय, तो चुकीचा असेल तर त्याला उत्तर काय, हे तिन्ही प्रश्न विचारायला कोणी थांबले नाही. शाहू महाराजांच्या नगरीत हे घडले.

आणि याच शहरात गोविंद पानसरे राहत होते. 1988 साली प्रसिद्ध झालेले 'शिवाजी कोण होता?' हे त्यांचे छोटेखानी पुस्तक गावोगाव पोहोचले. शिवाजी महाराजांच्या नावाने जे खपवले जाते ते आधी समोर ठेवायचे आणि मग इतिहासाचे दाखले देत साध्या बोलीत त्याचा समाचार घ्यायचा, अशी त्याची रीत आहे. ज्यांना ते पटले नाही त्यांना दुसरे पुस्तक लिहिण्याची मोकळीक होती. 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी फिरून परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. 20 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. बंदुकीला पूर्वपक्ष मांडावा लागत नाही. माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय समाजातून गेली की मग त्या माणसाला ऐकू येण्याजोग्या अंतरावर राहू देण्याचीही गरज वाटेनाशी होते.

तेव्हा कार्यकर्त्याने ही सवय आपल्या बैठकीपासून लावावी. पुढच्या बैठकीत ठरावाला विरोध करणारा एखादा साथी बोलून खाली बसला, की त्याला उत्तर देणाऱ्याने आधी त्याचेच म्हणणे दोन वाक्यांत सांगावे आणि विचारावे, हेच ना? त्याने होकार दिल्यावर मग उत्तराला आरंभ करावा. यात दोन मिनिटे अधिक जातील. ती जाऊ द्यावीत.