खांदेरी : बेटावरची आणि पाण्याखालची

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळविला, तेव्हा कार्यकारिणीतील एका भगिनीने हसत विचारले, "अहो, हळदीकुंकू आणि पाककृतींच्या आपल्या मंडळात युद्धाच्या गोष्टी कशाला?" प्रश्न रास्त होता. परंतु आपण राहतो कोठे, याचा जरा विचार करावा. हेंद्रेपाड्यातून निघून मुंबईकडे एक स्टेशन गेले की अंबरनाथ. तेथे सरकारी आयुधनिर्माणी आहे. आपल्या वस्तीतील कित्येक घरांची चूल तिच्यावर चालली आहे. आणखी एक स्टेशन पुढे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तेथे कल्याण कॅम्प या नावाची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार थाटले आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. म्हणजे युद्धाची गोष्ट आपल्या अंगणापर्यंत आलेलीच आहे. आपण तिच्याकडे पाहिले नाही, एवढेच.

मी सगळ्या शस्त्रास्त्रांची यादी वाचणार नाही. मला दोन खांदेरींविषयी बोलावयाचे आहे. एक समुद्रातले बेट, दुसरी समुद्राखालची पाणबुडी. दोहोंमध्ये सुमारे साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे; पण दोघींपुढचा प्रश्न एकच. शत्रूच्या नजरेसमोर, रसद तुटू न देता, टिकून कसे राहावयाचे?

प्रथम बेटाची हकिकत. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. आपल्या पश्चिमेकडून वाहणारी ही उल्हास नदी पुढे कल्याणच्या खाडीस मिळते, आणि त्या खाडीच्या मुलखातच मराठ्यांच्या आरमाराने बाळसे धरले. पुढे बावीस वर्षांनी, १६७९ च्या पावसाळ्याअखेर, महाराजांची माणसे खांदेरी बेटावर उतरली. हे बेट अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर आहे. मुंबई बंदरात शिरणारे जहाज त्याच्या नजरेतून सुटत नाही. मायनाक भंडारी यांच्या हाताखाली सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा होत्या. त्यांनी तटाचे काम सुरू करताच मुंबईचे इंग्रज हबकले. त्यांनी बेटाभोवती जहाजे उभी केली.

आता दोन्ही बाजूंचे बळ पाहा. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी, गोलंदाज सरावलेले. मराठ्यांकडे होती गलबते आणि होड्या. समोरासमोर तोफांचा सामना झाला असता, तर निकाल सांगावयास ज्योतिषी नको होता. पण बेट घेण्यासाठी इंग्रजांना एकच गोष्ट साधावयाची होती : बेटावर जाणारे धान्य, दारूगोळा आणि माणसे अडवावयाची. तीच त्यांना साधेना. मोठे शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चालते. वारा पडला की जागच्या जागी उभे. आमच्या कोळी-भंडाऱ्यांच्या होड्या वल्ह्यांवर चालत, उथळ पाण्यातून जात, भरती-ओहोटी साधून रात्रीच्या अंधारात बेटाला लागत आणि उजाडण्यापूर्वी परत फिरत. तट दररोज थोडा थोडा वर येत राहिला.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला. त्या दिवसाची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंग्रजांची 'डोव्हर' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. तिने नीट झुंजही दिली नाही. त्याच वेळी केजविन ज्यावर होता, ते 'रिव्हेंज' जहाज मात्र जवळजवळ एकट्याने उभे राहिले आणि त्याने मराठ्यांचे आरमार मागे रेटले. गलबते नागोठण्याच्या खाडीत परतली. दोन्ही जहाजे एकाच पक्षाची, एकाच बंदरातून निघालेली. पण एक शरण गेले आणि दुसरे लढले. यंत्र कितीही चांगले असो, त्यावरची माणसे कोण आहेत, हा हिशेब शेवटी उरतोच.

आणि आणखी एक. त्या दिवशीची लढाई इंग्रजांनी जिंकली, असे कोणी म्हटले, तर मी वाद घालणार नाही. पण बेट कोणाकडे राहिले? मराठ्यांकडे. होड्या रात्री जातच राहिल्या. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तडजोड केली आणि आपली जहाजे काढून घेतली. शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने ठाणे दिले, तो मोठा जाच झाला. परंतु खांदेरी टिकली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत खांदेरी आहे.

आता दुसरी खांदेरी. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ही पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात दाखल झाली. नाव अर्थातच त्या जलदुर्गावरून. आराखडा फ्रान्सचा, बांधणी आपल्या कामगारांची. अशा सहा पाणबुड्या माझगावात झाल्या. पहिली कलवरी २०१७ साली दाखल झाली आणि सहावी वागशीर जानेवारी २०२५ मध्ये.

पाणबुडी म्हणजे काय हे समजावयाचे, तर १९७१ सालची एक रात्र आठवावी लागते. ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात आपली 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र दिले गेले. खुकरी पाणबुडीच्याच शोधात निघाली होती. पाण्याखालचा आवाज टिपणारे यंत्र नीट चालावे म्हणून तिचा वेग कमी ठेवला होता, असे पुढे लिहिले गेले आहे. नवे साधन काही देते, तसे काही मागतेही. भगिनींनो, १९४ हा आकडा उच्चारावयास सोपा आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी घ्या आणि तितकी घरे मोजा, म्हणजे तो किती मोठा आहे ते कळेल.

पाणबुडीचे सारे बळ न दिसण्यात आहे. पण तिची एक अडचण आहे, ती आपणांस चटकन समजेल. आपल्याकडे वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो. काही तास बरे जातात. वीज आलीच नाही, तर बॅटरी उतरते आणि अंधार होतो. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीचे नेमके असेच आहे. डिझेल जळावयास हवा लागते, आणि पाण्याखाली हवा कोठली? म्हणून बुडी मारल्यावर ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरत आली की तिला पृष्ठभागाजवळ यावे लागते, एक नळी पाण्यावर काढून हवा घ्यावी लागते आणि इंजिन चालवून बॅटरी भरावी लागते. विमानांना आणि रडारना ती सापडते ती बहुधा त्याच वेळी. लपलेल्याला खोकला यावा, तशी ही गत.

यावर उपाय काय? हवेशिवाय वीज तयार करणे. शाळेत विज्ञान शिकविताना आम्ही मुलांना पाण्यातून वीज सोडून दाखवीत असू. एका नळीत हायड्रोजन जमे, दुसरीत ऑक्सिजन. हीच क्रिया उलटी केली, म्हणजे दोन्ही वायू योग्य रीतीने एकत्र आणले, तर पाणी होते आणि वीज मिळते. जळणे नाही, धूर नाही, इंजिनाची धडधड नाही. याला इंधनघट म्हणतात. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ सालीच ही गोष्ट दाखविली होती. पण प्रयोगशाळेतील टेबलावर दिवा लावणे वेगळे, आणि समुद्राच्या पोटात पाणबुडी चालविणे वेगळे. जर्मनीने ते साधले. त्यांची यू-३२ ही पाणबुडी २०१३ साली १८ दिवस वर न येता चालली. स्वीडन आणि फ्रान्स यांनी निराळ्या पद्धती काढल्या; फ्रान्सची पद्धत पाकिस्तानच्या पाणबुड्यांवर बसलेली आहे.

आणि आपल्याकडे? हे काम झाले अंबरनाथला. संरक्षण संशोधन संस्थेची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा तेथे आहे. मूळची ती मुंबईच्या नौदल गोदीत होती; खाऱ्या पाण्याने लोखंड गंजते, रंग टिकत नाहीत, धातूला तडे जातात, अशा गोदीच्या रोजच्या तक्रारींतून वाढलेली. तेथील शास्त्रज्ञांनी इंधनघटाची आपली स्वतंत्र पद्धत बसविली. मोठी अडचण हायड्रोजन साठविण्याची होती. तो वायू फार ज्वालाग्राही. बंद पाणबुडीत त्याचे साठे बाळगणे म्हणजे सतत काळजी. अंबरनाथच्या पद्धतीत तो साठवितच नाहीत. एका रसायनापासून लागेल तेव्हा, लागेल तेवढा पाणबुडीतच तयार करतात. आपण महिनाभराचे पीठ भरून ठेवीत नाही. धान्य कोठीत ठेवतो आणि लागेल तसे दळण करतो, तसेच हे. शेवटी उरते ते पाणी.

या यंत्रणेचा जमिनीवरचा पूर्ण नमुना ८ मार्च २०२१ रोजी यशस्वीपणे चालवून दाखविण्यात आला. दिवस महिलादिनाचा होता, हा योगायोग. दीर्घकाळ चालणे आणि पूर्ण शक्तीने चालणे, या दोन्ही कसोट्या घेतल्या गेल्या. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये, ही यंत्रणा पाणबुडीत बसविण्यासाठी संरक्षण मंत्रालयाने माझगाव गोदीशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला.

येथे मला सावधपणे बोलले पाहिजे. जमिनीवर चाललेले यंत्र आणि समुद्रात चाललेले यंत्र यांत पुष्कळ अंतर असते. पाणबुडी मधोमध कापून तिच्यात नवा भाग जोडावयाचा, तिचा तोल सांभाळावयाचा, मग खोल पाण्यात कसोट्या द्यावयाच्या. २०२१ ची चाचणी आणि २०२४ चा करार यांत पावणेचार वर्षे गेली, हेही आपण पाहिले. तेव्हा मोबाइलवर रोज येणारे, "शत्रूची झोप उडाली" अशा थाटाचे निरोप वाचून पुढे पाठविण्यापूर्वी आपण चार प्रश्न विचारावेत. हे यंत्र चालवून पाहिले आहे का? किती दिवस टिकते? मोडले तर दुरुस्त कोण करणार? त्याचे सामान आपल्याकडे होते की बाहेरून येते? नवा मिक्सर घेताना आपण हेच विचारतो. तेथे तर माणसांचे प्राण आणि आपल्या करांचा पैसा लागलेला असतो.

कोणी म्हणेल, संहाराच्या साधनांचे बायकांनी कौतुक का करावे? मी कौतुक करीत नाही. युद्ध न होणे हेच उत्तम, आणि ते खुकरीच्या १९४ घरांइतके कोणाला कळणार? पण ज्या आया-बहिणींची माणसे त्या लोखंडी नळीत आठवडेच्या आठवडे राहतात, त्यांच्या दृष्टीने विचार करा. श्वास घेण्यासाठी वर यावे लागले नाही, म्हणजे त्यांचा माणूस परत येण्याची शक्यता वाढली. याच नौदलाची पथके २७ जुलै २०१९ रोजी आपल्या भागात आली होती. बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, सुमारे १,०५० प्रवासी गाडीत होते. आपत्ती दलाच्या जवानांसह नौदलाचे पाणबुडेही धावले आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. तेथेही काम केले ते हलक्या बोटींनी, पाण्याची जाण असलेल्या माणसांनी आणि त्यांना चहा-भाकरी पुरविणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांनी.

इतिहासाच्या पुस्तकांत तलवारीचे चित्र मोठे छापतात. रात्री धान्याची पोती घेऊन खांदेरीला जाणाऱ्या होडीचे चित्र छापीत नाहीत. पण बेट राहिले ते त्या होडीमुळे. अंबरनाथच्या प्रयोगशाळेतील काम त्याच जातीचे आहे. ते मारा करीत नाही. टिकण्याची सोय करते. आणि साठा किती, तो पुरवावा कसा, अडचणीत भागवावे कसे, ही विद्या घर चालविणाऱ्या बाईला कोणी शिकवावी लागत नाही. तेव्हा हा विषय आपला नव्हे, असे कृपा करून म्हणू नका.

मंडळास माझी एक सूचना आहे. येत्या वर्षी सहलीसाठी थळला जावे, आणि रीतसर चौकशी करून खांदेरी पाहून यावे. जाताना आपल्या शाळकरी मुलींना बरोबर घ्यावे. रसायनशास्त्र कठीण म्हणून दहावीनंतर तो विषय सोडणाऱ्या मुली आपल्या आळीत पुष्कळ आहेत. त्यांना त्या तटावर उभे करून सांगावे, की हे बेट ज्या प्रश्नावर राहिले, त्याच प्रश्नाचे उत्तर आपल्या घरापासून एका स्टेशनावर रसायनशास्त्राने शोधले आहे. आणि तेथे अजून बरेच काम शिल्लक आहे.