एकाच वाक्याचे दोन निकाल

अमेरिकेच्या आरंभकाळातल्या हक्कांच्या जाहीरनाम्यांना कुणी स्वातंत्र्याची गंगोत्री म्हणतं, तर कुणी गुलामांच्या मालकांचा निव्वळ साळसूदपणा. दुसऱ्या मताला पुरावा भरपूर आहे. व्हर्जिनियाने १२ जून १७७६ रोजी मंजूर केलेल्या जाहीरनाम्याचा मसुदा जॉर्ज मेसन यांचा, आणि मेसन यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते. सगळी माणसं निसर्गतःच सारखी स्वतंत्र आहेत, हे पहिलं कलम ऐकताच काही सभासद बिथरले. उद्या गुलामांनी याचा आधार घेतला तर? मग हक्क लाभतात ते समाजाचे घटक झालेल्यांना, अशा अर्थाची पुस्ती कलमात घुसडण्यात आली. गुलाम म्हणजे समाजाबाहेरचा. त्याचा प्रश्नच मिटला! ही लबाडी होती, यात शंका नाही. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाक्य नुसतं शोभेचं असतं, तर त्याला कुंपण घालण्याचा खटाटोप कुणी केला नसता.

ही भीती खोटी नव्हती, हे मॅसॅच्युसेट्समध्ये दिसलं. शेफिल्ड गावच्या जॉन ॲशली यांच्या घरी १७७३ मध्ये एक समिती बसली आणि इंग्रज सरकारच्या कारभाराविरुद्ध तिने ठराव लिहिले. माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र असतात, हे त्यातही होतं. अध्यक्ष खुद्द ॲशली. समितीत थिओडोर सेजविक हा तरुण वकीलही होता. त्याच घरात बेट नावाची, अक्षरओळख नसलेली गुलाम बाई राबत होती. मालकिणीने दुसऱ्या एका मुलीवर उगारलेलं तापलेलं फावडं तिने स्वतःच्या हातावर झेललं, असं सांगतात. १७८० मध्ये राज्याची नवी घटना आली. तिचा मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्स यांचा, आणि पहिलंच कलम सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असं सांगणारं. त्याला व्हर्जिनियासारखी पुस्ती नव्हती. पुढच्याच वर्षी बेटने याच सेजविकना गाठलं. ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीने तिला आणि ब्रॉम या दुसऱ्या गुलामाला मुक्त ठरवलं, शिवाय मालकाला तीस शिलिंग भरपाई द्यायला लावली. ॲशलींनी अपील केलं आणि नंतर मुकाट्याने मागे घेतलं.

यावर कुणी म्हणेल, मॅसॅच्युसेट्समध्ये गुलाम मुळात थोडे, तंबाखूचे मोठे मळे नाहीत. सोडून द्यायला तिथल्या धनिकांचं काय जात होतं? आक्षेप निम्मा खरा आहे. पण त्या राज्यात गुलाम त्याआधीही कोर्टात जात होते. मालकाने सुटकेचा शब्द दिला होता, किंवा आई स्वतंत्र होती, असे त्यांचे दावे असत. जिंकला तर तो एकटा सुटे. घटनेच्या कलमामुळे गुलामगिरीलाच आव्हान देता आलं. १७८३ मध्ये क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्यूरीला सांगितलं, की या घटनेशी गुलामगिरीचा मेळ बसत नाही. आर्थिक परिस्थितीने वाट मोकळी केली असेल, पण तिच्या जोरावर फिर्याद लिहिता येत नाही. उलट बाजूही पाहा. व्हर्जिनियात न्यायाधीश जॉर्ज विथ यांनी गुलामीत असलेल्या राइट कुटुंबाच्या खटल्यात जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाचा आधार घेतला. १८०६ मध्ये वरच्या कोर्टाने त्या कुटुंबाची सुटका कायम ठेवली, पण ते मूळचे रेड इंडियन वंशाचे म्हणून. आफ्रिकी वंशाच्या माणसांना ते कलम लागू नाही, असं तिथे बजावून सांगण्यात आलं. १७७६ ची पुस्ती तीस वर्षांनीही आपलं काम चोख बजावत होती.

१७९० च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकाही गुलामाची नोंद नाही. व्हर्जिनियात ती २,९२,६२७ आहे.