थकल्या नटाचा पेला
लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांत ‘अमेरिकन बार’ नांवाचें पानगृह आहे. तेथें १९०३ पासून वीसांहून अधिक वर्षें एडा कोलमन या बाई मद्यें मिसळून पेले सिद्ध करीत. नट चार्ल्स हॉट्रे अतिश्रमानें थकून आले, कीं कांहीं जोरकस मागत. बाईंनीं त्यांच्यासाठीं कित्येक तास प्रयोग केले. जिन, गोड व्हर्मुथ आणि फर्नेट-ब्रांका या कडू इटालियन अर्काचे दोनच शिंतोडे! हॉट्रे यांनीं पेला रिकामा करून त्याला ‘हँकी-पँकी’, म्हणजे जादूगिरी, म्हटलें. मद्यानें शीण जातो हा भ्रमच. परंतु आपलें थकणें कोणीं इतकें मनावर घ्यावें, हें सुख त्या पेल्यांत होतें. १९३० च्या सॅव्हॉयच्या पुस्तकांत ही कृति छापली आहे. पुस्तकावर नांव मात्र बाईंच्या मागून आलेल्या हॅरी क्रॅडॉक यांचें.