पुन्हा विचारायला हवं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. कॅन्सरविषयी बोला, असा निरोप आला तेव्हा आधी नाहीच म्हणणार होतो. मग आपा आठवली.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. तिनंच मला अंगाखांद्यावर वाढवलं. लग्न होऊन ती अंधेरीला गेली, एका खोलीच्या संसारात. मी घाटकोपरला. दर रविवारी बेस्टच्या बसनं तिच्याकडे जायचो. एका रविवारी मी विचारलं, ‘आपा, थकलेली दिसतेस.’ ती म्हणाली, ‘काही नाही रे, उन्हाचा त्रास.’ मी मान डोलावली, चहा प्यायलो, नवी कविता वाचून दाखवली आणि परत आलो. पुन्हा विचारलं नाही.

तिच्या अंगावरून जात होतं. पाळी नसतानाही रक्त दिसत होतं. आठ महिने तिनं हे कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. कळलं तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आजूबाजूला पसरला होता. किरणोपचार झाले. १९९६ साली ती गेली, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. स्त्रियांच्या दुःखावर मी तोवर बऱ्याच कविता लिहिल्या होत्या. हे सांगताना आजही मान खाली जाते.

आपा गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, याच मुंबईत एक मोठं काम सुरू झालं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं शहरातल्या झोपडवस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रिया अभ्यासासाठी निवडल्या, वय ३५ ते ६४. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी एक, अशा तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या.

आणि तपासणी कसली? आमच्या घरात ज्याला सिरका म्हणतात आणि ज्यात कांदा मुरवतात, त्या व्हिनेगरमधलं आम्ल. चार-पाच टक्क्यांचं पातळ द्रावण कापसाच्या बोळ्यानं गर्भाशयाच्या मुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडू लागलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. प्रयोगशाळा नको, यंत्र नको, निकालासाठी आठवडाभर वाट पाहणं नको. असा भाग दिसला, की खात्री करून तो गोठवून किंवा उष्णता देऊन काढून टाकता येतो, बहुतेक वेळा एकाच खेपेत. कॅन्सर व्हायच्या आधीच काम संपतं. (कृपा करून हा प्रयोग कुणी स्वयंपाकघरातल्या बाटलीनं घरी करू नये. तो प्रशिक्षित हातांनीच व्हायला हवा.)

जून २०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी या कामाचा निकाल शिकागोच्या परिषदेत मांडला. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे जिथं शंभर बाया दगावल्या असत्या, तिथं एकोणसत्तर दगावल्या. एकतीस घरांतली आई, बहीण, बायको वाचली. मुंबईच्या वस्त्यांनी ही गोष्ट जगाला दाखवून दिली.

या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तुलनेसाठी उरलेल्या निम्म्या वस्त्यांत फक्त आरोग्याची माहिती दिली गेली, तपासणी झाली नाही. त्यावर पुढं आक्षेप घेतले गेले, वाद झाला. मला त्या वादाचा निवाडा करता येणार नाही. पण तपासणीनं जीव वाचतात हे आपल्याला कळलं, त्यात त्या न तपासलेल्या स्त्रियांचाही वाटा आहे. ते त्यांचं आपल्यावरचं ऋण आहे.

हे ऋण आपण किती फेडलं? २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनसुद्धा नव्हत्या. तीस वर्षांवरच्या स्त्रियांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात २०१६ पासून आहे. मग अडतं कुठं?

याचं थोडं उत्तर मराठवाड्यात मिळतं. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय यांनी १ लाख ३१ हजारांवर ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचा निकाल २००९ मध्ये आला. तिथं तपासणी एकदाच झाली होती. एचपीव्ही नावाच्या विषाणूची चाचणी एकदा केली तरी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण व्हिनेगरच्या एकाच तपासणीनं मृत्यूंत ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. मुंबईत तीच स्वस्त तपासणी उपयोगी पडली, कारण तिथं आरोग्यसेविका दोन वर्षांनी परत आल्या. मग पुन्हा आल्या, पुन्हा आल्या. मला यात माझी चूक दिसते. मी एकदाच विचारलं होतं.

त्याच वस्त्यांत याच सेविका हातानं स्तनांचीही तपासणी करत होत्या. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वीस वर्षांचा हिशोब मांडला. पन्नाशी गाठलेल्या आणि त्यापुढच्या स्त्रियांत स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. पण गाठ हाताला लागली तर वय न पाहता दाखवायलाच हवी.

आता त्या विषाणूविषयी. गर्भाशयमुखाचे जवळजवळ सगळे कॅन्सर एचपीव्हीमुळं होतात. हे नातं उलगडणाऱ्या हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, आणि इथंच आपल्याकडे कुजबुज सुरू होते. चारित्र्याचा विषय निघतो. श्रोतेहो, हा विषाणू इतका सर्रास आढळतो, की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांचं शरीर त्याला आपोआप हटवतं. थोड्यांमध्ये तो ठाण मांडतो आणि कॅन्सर व्हायला दहा, पंधरा, वीस वर्षं लागतात. एवढा अवधी फार थोडे आजार देतात. तो अवधी आपण लाजेत घालवतो.

त्यावर लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी तिचे दोन डोस. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही.

उपचारही पुढं गेले आहेत. आपल्या पवईच्या आयआयटीत आणि टाटा रुग्णालयात मिळून रक्ताच्या काही कॅन्सरांवर एक उपचार तयार झाला. त्यात रुग्णाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी बाहेर काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. परदेशाच्या मानानं तो पुष्कळ स्वस्त आहे, तरी खर्च लाखांच्या घरात जातो. अशा शोधांचा अभिमान वाटतोच. पण माझ्या आपाला त्या बोळाभर द्रावणानं कदाचित वाचवलं असतं.

पुरुष श्रोत्यांनीही निवांत बसू नये. आपल्या देशात पुरुषांत सगळ्यात जास्त आढळतो तो तोंडाचा कॅन्सर. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी तंबाखू मळणारे हात आणि घराघरांत मिश्री लावणारी बोटं थांबलेली नाहीत. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारं फोड आलं, तोंड पुरतं उघडेना, तर आरशासमोरून उठून थेट दवाखान्यात जावं.

आपा गेली तेव्हा तिची धाकटी मुलगी दहावीत होती. ती आता पंचेचाळीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी एका रविवारी मी धीर करून तिला विचारलं, ‘बेटा, तपासणी केलीस का?’ ती दचकली. ‘मामू, हे काय विचारता?’ म्हणाली आणि आत निघून गेली. पुढच्या रविवारी मी पुन्हा विचारलं. ‘बघू,’ म्हणाली. तिसऱ्या रविवारी तिनं चहासुद्धा ठेवला नाही, नुसता एक कागद माझ्यापुढं सरकवला. तपासणी झाली होती. सगळं ठीक होतं. मी चष्मा पुसण्याचं निमित्त करून थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिलो. मग तीच म्हणाली, ‘मामू, छोटीच्या लशीचंही विचारून आले.’ छोटी बारा वर्षांची आहे. तिचे दोन्ही डोस आता झाले आहेत.

श्रोतेहो, तुमच्या घरातही कुणी थकलेलं दिसत असेल. विचाराल तर ‘काही नाही’ हेच उत्तर येईल. आपल्याकडच्या बायका पहिल्यांदा असंच म्हणतात. तेवढ्यावर उठू नका. पुढच्या खेपेला पुन्हा विचारा.