बाप दाराबाहेर का?

बाळाच्या कानात अजान द्यायला आपण बापाला आत बोलावतो. त्याआधी बाईला कळा येत असतात, तेव्हा मात्र तो व्हरांड्यात फेऱ्या मारत असतो. ‘ते बायकांचं काम’ म्हणून.

आमच्या मुलीच्या वेळी मी आत होतो. पाठ चोळली, पाणी पाजलं, हात धरून बसलो. त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

हे परदेशी फॅड नाही. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत नात्यातल्या बाईला राहायला परवानगी दिली. आडोसा राखता येतो तिथे नवऱ्यालाही. म्हणजे अडचण बापाची नाही, पडद्याची आहे. तेव्हा आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात पडदे मागा.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये सोबतीची शिफारस केली, पण बाईच्या पसंतीच्या. तिला अम्मी हवी असेल, तर अम्मीच आत जाईल. आपण आधी तिला विचारायचं, मग डॉक्टरांना, तेही सातव्या-आठव्या महिन्यातच.

अजान द्याच. पण बाप होणं त्याच्या आधीच सुरू होतं.