खरे दरोडेखोर कोण होते?
(कुरुद, भिलाई येथे तरुण पदवीधरांसमोर केलेलं भाषण)



इथे भिलाईत बसून मी आज नाशिकची गोष्ट सांगणार आहे. तुमच्यातले काही वकील होतील, काही पोलिसात जातील, म्हणून सांगतो.

5 जून 2003 ची रात्र. नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीत एक कुटुंब झोपलं होतं. दरोडेखोर शिरले. लूट, बलात्कार आणि पाच खून. एक आई आणि तिचा मुलगा जखमी होऊन वाचले.

दोनच दिवसांनी त्या आईने पोलिसांच्या फोटोंमधून चार जण ओळखले. त्या चौघांचं काय झालं? काहीच नाही. पकडले गेले वेगळेच सहा जण : भटक्या जमातीतले गरीब मजूर. 2006 मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सगळ्यांना निर्दोष सोडलं. न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांनी प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्यायला सांगितली, त्या चौघांचा तपास करायला सांगितलं आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती.

इंग्रजांनी 1871 मध्ये काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण ठाण्यातला संशय गेला नाही. दरोडा पडला की आधी पाल शोधायचं, मग पुरावा.

यात नुकसान फक्त त्या सहा जणांचं झालं का? नाही. ज्या आईने डोळ्यांनी पाहिलं, तिचं सुरुवातीचं म्हणणं बाजूला पडलं. निर्दोषांना डांबलं की खरा गुन्हेगार मोकळा राहतो. 2019 च्या निकालानंतर त्या पाच खुनांसाठी दोषी ठरलेला एकही माणूस उरला नाही.

आपल्या घरात फिर्याद, जबाब, पंचनामा वाचू शकणारी पहिली पिढी आपणच आहोत. उद्या वस्तीतल्या कुणाला उचललं, तर नुसती घोषणा देऊन थांबू नका. कागद मागा, पहिला जबाब वाचा आणि विचारा : साक्षीदाराने कुणाला ओळखलं होतं?

जय भीम, जय संविधान!